पांढरी, काळी आणि ई-क्लास

जुन्या मराठी गावाच्या जमिनीला दोन रंग असत. घरं उभी ती पांढरी, पिकं उभी ती काळी. या दोन्हींच्या कडेला जे काही उरे, त्याला रंगाचं नाव नव्हतं. तिथे गुरं चरत, खळी पडत, पोळा भरे, बाजार बसे, बहुरूप्यांची आणि डोंबाऱ्यांची पालं पडत, मेलेल्या माणसाला तिथेच कुठेतरी नेलं जाई. ही जमीन कुणाच्याच नावावर नसे आणि सगळ्यांच्याच पायाखालची असे. बाकीचा महाराष्ट्र तिला गायरान किंवा गुरचरण म्हणतो. वऱ्हाडात तिला ‘ई-क्लास’ म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा अमक्याचं घर ‘ई-क्लासात’ आहे असं सहज सांगते. इंग्रजी वर्णमालेतलं पाचवं अक्षर वऱ्हाडी बोलीत इतकं कसं मुरलं, हा या लेखाचा एक धागा. आणि त्या अक्षराखालची जमीन कुठे गेली, हा दुसरा.

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. भोवती कापूस, तूर, सोयाबीन. तालुक्यात गोंडांची गावं, कोलामांचे पोड. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या गावाला ओळ मिळणं कठीण आहे. पण अशा गावांचा इतिहास राजवाड्यांत शोधायचाच नसतो. तो त्यांच्या मोकळ्या जागेत सापडतो, कारण प्रत्येक सरकारने आपला हात सगळ्यात आधी तिथेच मारलेला असतो.

आधी ही जागा चालायची कशी ते पाहू. वऱ्हाडी गावाच्या वेशीजवळ एक आखर असे. सकाळी घरोघरची गुरं सोडली की ती आपापल्या पायांनी आखरावर येऊन उभी राहत. सगळी जमली की गायकी ते गोहन घेऊन चरायला जाई. ‘गायकी’ म्हणजे गाण्याची कला नव्हे. वऱ्हाडात गुराख्याला गायकी म्हणतात. त्याला जनावरामागे ठरलेलं धान्य किंवा पैसे मिळत. कुठल्या महिन्यात कुठल्या अंगाला जायचं, कुठलं गवत पिकू द्यायचं, कोणत्या नाल्यावर पाणी टिकतं, कुणाच्या उभ्या पिकापासून गुरं लांब ठेवायची, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. आखरावर पडलेलं शेण वेचायला बाया येत. गवऱ्या थापून चूल पेटे, उरलेल्या विकून मीठमिरची येई. ज्याच्या घरी गुंठाभर जमीन नाही त्याच्याही दारात दोन बकऱ्या असत, कारण त्यांचं पोट भरायला जागा होती.

वर्षातून एकदा हीच जागा गावाची शोभा होई. विदर्भात पोळा म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, पोळ्याच्या दिवशी त्यांना सजवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभं करायचं, झडत्या म्हणायच्या, एकमेकांची उणीदुणी त्या झडत्यांत काढायची, आणि तोरण तुटलं की बैल घराकडे. त्यासाठी गावातले सगळे बैल एका वेळी मावतील एवढं मैदान लागतं. पोळ्याचं मैदान हा गावाच्या सामायिक जमिनीचा सगळ्यात ठळक पुरावा आहे. त्याला सातबारा लागत नसे.

याचा अर्थ तिथे रामराज्य होतं असा नाही. मानाची जोडी कुणाची आणि ओळीत मागे कुणी उभं राहायचं, हे जातीने आणि जमिनीने ठरे. मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम कुणाच्या माथी, हेही ठरलेलं असे. ज्यांना पांढरीच्या आत घर बांधू दिलं जात नव्हतं, त्यांच्या झोपड्या या बिनरंगी जमिनीच्या कडेलाच उभ्या राहत. सामायिक जागा सगळ्यांची होती; सगळ्यांची सारखी नव्हती. हे आत्ताच नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या भांडणाचं मूळ यात आहे.

आता कागदाकडे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. इंग्रजांनी आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा मुलूख १८६० च्या दशकात वेगळा जिल्हा म्हणून बांधला. वणीवरून त्याला इंग्रजी कागदांत ‘वूण’ म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ सालचं. मारेगावचा परिसर वणी तालुक्यात होता. याच दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी आली. साखळी घेऊन माणसं शिवारात फिरली, प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला, मातीची प्रत ठरली, नांगरता न येणारा भाग ‘पोटखराबा’ ठरला. शब्द पाहा. ज्या भागात बांधाचं गवत, पळस, बोरी, पाण्याची वाट, तो भाग सारा देत नाही म्हणून खराब. हा शब्द आजही सातबारावर आहे.

मोजणी आली तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडकडे वळल्या. भाव कडाडले. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा खास कापूस आयुक्त नेमला गेला. काळ्या जमिनीचा एकेक तुकडा कपाशीखाली जाऊ लागला, आणि काळी संपली की नांगर गवताकडे वळला. वणीकडच्या भागात लोकवस्ती विरळ आणि जंगल जास्त. तिथे सरकारने १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांखाली अख्खी गावंच्या गावं इजाऱ्याने दिली: अमुक वर्षांत जंगल तोडा, कुळं वसवा, जमीन लागवडीखाली आणा. यवतमाळ जिल्ह्यात आजही गावांच्या नावापुढे ‘इजारा’ असं लागलेलं दिसतं, ते यातूनच आलं. ज्यांना इजारे घेणं परवडलं ते पैसेवाले होते. आणि कागदावर ‘पडीक’ म्हटलेल्या त्या जमिनीत गोंड आणि कोलाम आधीपासून फिरत, राहत, कंद, मोह आणि बांबू आणत होते. सरकारच्या लेखी मात्र नांगर लागलेला नाही म्हणजे वापर नाही.

उरलेल्या जंगलाला अक्षरं मिळाली. ‘ए’ म्हणजे इमारती लाकूड आणि जळण, ‘बी’ म्हणजे राखीव गवताचे रमणे, ‘सी’ म्हणजे चराई. याच वर्णमालेतलं ‘ई’ गावच्या गुरांच्या जमिनीला चिकटलं आणि आजवर टिकून आहे. नाव वरवर निरुपद्रवी आहे. पण गायरान म्हटलं की त्यात गाय दिसते; ई-क्लास म्हटलं की फक्त सरकारी यादी दिसते.

चराई आवळली की गुरं पिकात शिरणारच. त्याचाही बंदोबस्त झाला: १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आणि त्यातून गावोगाव आलेला कोंडवाडा. गंमत अशी की ‘अतिक्रमण’ हा शब्द आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात एकदा गुरांसाठीही आला होता. पुढे तो माणसांच्या वाट्याला आला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगल खात्याने चराईची कुरणं गिळल्याचा संताप आहे. ते पुण्याकडचं बोलत होते, पण वऱ्हाडातल्या कास्तकारालाही ते परकं वाटलं नसतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत इथली गुरं चाऱ्यावाचून मोठ्या संख्येने मेली. कापसाला भाव असून चाऱ्याला जागा नाही, ही विदर्भाची अडचण आजची नव्हे.

पुढचं शतक हा सरकारं बदलण्याचा खेळ आहे. निजाम आणि कंपनी झाले. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर ते मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जागचा न हलता मारेगावने एवढे मालक पाहिले, आणि प्रत्येकाने आधीचं दप्तर तसंच पुढे ढकललं. वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपूरच्या बाजूला, मालगुजारी होती. तिथली अशीच खुरटी, काटेरी, गुरं चरण्याची जमीन दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून उतरली. नदीच्या या काठाला ई-क्लास, त्या काठाला झुडपी, गवत तेच. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानायचं असा निकाल दिला, तेव्हा तो पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपुरता होता. दीडशे वर्षांपूर्वी कुठल्या कारकुनाने कुठल्या रकान्यात काय लिहिलं, यावर आज कुठलं झुडूप कायद्याला दिसणार ते ठरतं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे रकाना म्हटलं की जरा थबकतो. तक्ता आखणारा माणूस ज्या गोष्टीला रकाना ठेवत नाही, ती गोष्ट त्या यंत्रणेपुरती जगात नसते. सातबाऱ्यात भोगवटादाराचा रकाना आहे. ई-क्लासच्या उताऱ्यावर तिथे सरकार असतं. गायकीला, शेण वेचणाऱ्या बाईला, पोळ्याच्या तोरणाला तिथे जागा नाही.

पण आपल्या कायद्यात एक जागा आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम २२ चराईसाठी, खळ्यांसाठी, बाजारासाठी, दहन-दफनासाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला देतं. आणि कलम १६१ पासून पुढे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज येतात. निस्तार म्हणजे गावकऱ्याची रोजची गरज भागवण्याचा हक्क. गुरं कुठे चारायची, जळण आणि माती कुठून आणायची, पाणी, वाट, मासेमारी याबद्दल गावाची जी वहिवाट आहे ती लिहून ठेवायची, अशी ही व्यवस्था. मध्य प्रांताच्या मुलखातून आलेली ही कल्पना आहे. आपल्या दप्तरातला हा एकच कागद असा, जो जमीन कुणाची हे न विचारता ती कशासाठी हे विचारतो. गायकीच्या डोक्यात जे होतं त्याला कागदावर आणण्याची ती संधी होती.

ती वाया गेली, कारण तोवर जमिनीवर दुसरी, तितकीच खरी मागणी उभी राहिली होती. ज्यांना शतकानुशतकं काळीत वाटा मिळाला नाही, त्यांनी विचारलं: ही सरकारी जमीन गुरांसाठी असू शकते, तर आमच्यासाठी का नाही? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. डिसेंबर १९६४ मध्ये तो लढा देशभर गेला आणि माणसांनी तुरुंग भरले. त्यातून आणि नंतरच्या चळवळींतून महाराष्ट्रात गायरानं कसणाऱ्यांच्या ताब्याला मान्यता मिळत गेली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. ती तारीख कुठल्या महामानवाच्या जयंतीची, हे सांगायला नको.

म्हणून गायरानाच्या गोष्टीत खलनायक शोधू गेलं की पंचाईत होते. एका भूमिहीनाचं शेत म्हणजे दुसऱ्या भूमिहीनाच्या बकरीचं कुरण. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी कोरडवाहू भारतातल्या गावांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यात वऱ्हाडातला अकोला जिल्हाही होता. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात सामायिक जमिनींचा वाटा १४ ते २३ टक्के, आणि १९५० ते १९८० च्या दशकांत या जमिनींचं क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटलेलं, असं त्यांना दिसलं. शिवाय वाटप झालेल्या जमिनीचा मोठा भाग आधीच जमीन असलेल्यांकडे गेला होता. गरिबाच्या नावाने कुंपण उघडायचं आणि आत ट्रॅक्टर भलत्याचाच, हे आपल्याला नवं नाही.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा असं सगळ्या राज्यांना बजावलं. अपवाद म्हणून भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती आणि सार्वजनिक सोयींचा उल्लेख केला. जुलै २०११ मध्ये महाराष्ट्राने त्यावर शासन निर्णय काढला, आणि पुढे संहितेत कलम २२-अ घालून गायरान इतर कामाला देण्यावर बंधन आणलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याची मुदत दिली तेव्हा नोटिसा गेल्या त्या बहुतेक पत्र्याच्या घरांना. त्याच जमिनींवर उभ्या असलेल्या सरकारी इमारतींना नोटीस जात नसते. त्यांना ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणतात.

हा शब्द तालुक्याच्या गावांत फार महत्त्वाचा आहे. एखादं खेडं तालुका झालं की त्याला तहसील, पंचायत समिती, न्यायालय, पोलीस ठाणं, दवाखाना, वसतिगृह, विश्रामगृह, बसस्थानक, गोदाम असं सगळं एकदम लागतं. खाजगी जमीन घ्यायला पैसे पडतात. ई-क्लास फुकट असते. मारेगावसारखं कुठलंही गाव घ्या, तालुका होण्याची किंमत त्याच्या मोकळ्या जागेने मोजलेली असते. ही सगळी कामं गरजेची आहेत, यात वाद नाही. फक्त त्या जागेवर आधी कोण काय करत होतं, हे विचारलं जात नाही.

आणि मग शेवटचा बदल, जो सगळ्यात कमी दिसतो. राज्याने २०१४ साली तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं ठरवलं. त्यानंतर मारेगावचीही नगरपंचायत झाली. सरपंच गेले, सतरा प्रभागांचे नगरसेवक आले. पाणी, दिवे, रस्ते यांना निधी वाढतो, ते चांगलंच. पण या बदलात एक गोष्ट गेली: ग्रामसभा. ग्रामपंचायतीत गायरानाचा विषय निघाला की ग्रामसभेचा ठराव मागायची रीत आहे. सभेत कितीही गोंधळ असो, कुणी बाई उभी राहून ‘मग आमची ढोरं कुठं न्यायची?’ असं विचारू शकते. नगरपंचायतीत तशी सभाच नाही. शहरांसाठी घटनेत वॉर्ड समित्या आहेत, पण त्या तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येला बंधनकारक. मारेगाव त्याच्या आसपासही नाही. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे आणि तिथल्या ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याचं बळ आहे. म्हणजे आडरानातल्या पोडाला आपल्या सामायिक जमिनीबद्दल बोलण्याचा जो हक्क आहे, तो तालुक्याच्या गावाला नाही. मोठं झाल्याची ही शिक्षा विचित्र आहे.

कुणी म्हणेल, गुरंच उरली नाहीत तर गायरान कशाला? बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, गायकीचा पोरगा कंपनीत गेला, हे खरंच आहे. यावर एक परदेशी उदाहरण आठवतं. अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या मधोमध ‘बोस्टन कॉमन’ नावाचं मैदान आहे. १६३४ साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून गुरांसाठी घेतलेली ती जमीन. १८२२ साली गावाचं शहर झालं तेव्हा त्याच्या सनदेतच लिहिलं गेलं की नगरपालिकेला हे मैदान विकता येणार नाही. १८३० साली गाईंना तिथे बंदी झाली. गाई गेल्या, मैदान राहिलं. आज तिथे लोक बसतात, सभा घेतात, निषेध करतात. तिथेही हे मैदान इतिहासात फाशी देण्यासाठी आणि सैन्याच्या तळासाठी वापरलं गेलंय, तेव्हा त्यांचाही भूतकाळ सोवळा नाही. फरक एवढाच की गाव शहर होताना त्यांनी मोकळ्या जागेबद्दल एक वाक्य लिहून ठेवलं. आपल्या नगरपंचायती शेकड्याने झाल्या. असं वाक्य कुठे लिहिलं गेल्याचं ऐकिवात नाही.

आणि घाई आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी, त्यांत गायरानंही, दिली जात आहेत. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची जुनी आणि रास्त मागणी आहे. कपाशीला रात्री दोन वाजता पाणी देणाऱ्याला गायरानाचं तत्त्वज्ञान सांगायची माझी हिंमत नाही. पण १८६५ साली इजारेदाराला सांगितलेलं वाक्य आणि आज सौर कंपनीला सांगितलेलं वाक्य यांत एक शब्द समान आहे: पडीक. वापर बदलला, तरी ती जमीन वापराशिवाय होती हा समज तसाच आहे.

गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की सामायिक कुरणाचा नाश अटळ असतो, कारण जो तो आपलं एक जनावर जास्त सोडतो. एलिनॉर ऑस्ट्रॉमने आयुष्यभर जगभरची कुरणं, कालवे, मासेमारी तपासून दाखवलं की लोक नियम करतात, पाळतात आणि अशा जागा शतकानुशतकं टिकवतात. तिला २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वऱ्हाडातल्या गायकीला हे ऐकून नवल वाटलं नसतं. वऱ्हाडातलं कुरण मुख्यतः जास्त चराईने संपलेलं नाही. ते कपाशीने, इजाऱ्याने, वाटपाने आणि इमारतींनी संपलं, आणि प्रत्येक वेळी निर्णय आखराबाहेर झाला.

तेव्हा मागणं साधं आहे. ज्या गावांची नगरपंचायत झाली तिथे उरलेल्या प्रत्येक ई-क्लास तुकड्याची यादी भिंतीवर लागावी: सर्व्हे नंबर, क्षेत्र, आज काय आहे, आणि तिथे कोण काय करतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे राहणाऱ्यांची घरं त्यात लिहावीत, बकऱ्या लिहाव्यात, पोरांचं क्रिकेट लिहावं, पोळा लिहावा. तुकडा द्यायची वेळ आली तर त्या रकान्यातल्या माणसांची सभा व्हावी. कायद्यात निस्तारपत्रक हा शब्द आहेच. तो खेड्यांपुरता न ठेवता नव्या शहरांत आणायचा आहे.

पोळा अजून भरतो. बैल कमी झाले असले तरी जे आहेत त्यांना एका दिवशी एका जागी उभं राहावं लागतं, आणि ती जागा कुणाची असा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही. तो दुसऱ्या दिवशी, कचेरी उघडल्यावर विचारला जातो. उत्तर देताना हातात कागद असलेला बरा.